एका वेळी एकच

प्रमोदिनीने सासूला कुशीवर वळवलं तेव्हा चादरही पाठीबरोबर वर आली. एका हाताने खांदा धरून दुसऱ्या हाताने ती चादर हलकेहलके सोडवू लागली. घामाने कापड कातडीला चिकटून बसलं होतं. कृष्णवेणीबाईंनी डोळे मिटून घेतले, पण तोंडातून आवाज काढला नाही. माकडहाडावरच्या जखमेची पट्टी सकाळीच बदलली होती. ती पुन्हा ओली झाली होती आणि कडेने सुटून आली होती.

बाहेर हॉलमध्ये टिंग असा आवाज झाला. एसीची झडप करकरत उघडली आणि पाठोपाठ धाकट्या दिराचा, वेंकटचा स्वर आला, "हां. आत्ता जिवांत जीव आला."

प्रमोदिनीने मान वर करून पाहिलं. सासूच्या खोलीतला एसी भिंतीवर बंद होता. थोड्या वेळापूर्वी तिचा नवरा राघोत्तम आत आला होता, त्याने तो बंद केला होता आणि रिमोट शर्टाच्या खिशात टाकून निघून गेला होता. भाऊ-बहीण आले होते, हॉलमध्ये बसायचं होतं, आणि घरात नियम होता: एका वेळी एकच एसी.

नियम राघोत्तमचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने दोनच गोष्टी मनावर घेतल्या होत्या, रोजचं चालणं आणि करंटचं बिल. मद्रासच्या पेरुंगुडी भागातल्या या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांचे मीटर तळमजल्यावर एका भिंतीला लावलेले होते. सकाळी फिरून आला की तो आपल्या मीटरसमोर उभा राहून फोटो काढी आणि भावंडांच्या 'अम्मा' नावाच्या ग्रुपवर टाकी. आईचा खर्च तिघांत वाटलेला होता, औषधं, नर्स, डायपर, आणि आई इथे आल्यापासून वाढलेली वीज. मागच्या वेळी दोन महिन्यांचं बिल पाचशे युनिटांच्या वर गेलं आणि दराची पायरी चढली. ग्रुपवर आधी वेंकटचं प्रश्नचिन्ह आलं, मग बहिणीचं, वाणीचं. कत्तिरी सुरू झाली होती, मे महिन्यातलं ते अंगावर धावून येणारं ऊन, आणि आता तर एसी जास्तच लागणार होता. म्हणून मग समक्ष बसून ठरवू या, असं ठरलं. अम्माचा एसी केव्हा लावायचा आणि केव्हा नाही.

"कोण आलेत गे?" कृष्णवेणीबाईंनी विचारलं.

"वेंकट आणि वाणी. तुम्ही जाग्या झालात की येतील म्हणाले."

"मी जागीच अहें की."

प्रमोदिनीने जखमेभोवतीची कातडी मऊ कापडाने टिपली. टिपता टिपता ती पुन्हा ओलसर होत होती. एक दिवसाआड येणाऱ्या नर्सने तिला दोनदा बजावून सांगितलं होतं, पाठ कोरडी राहिली पाहिजे, घाम राहिला तर हे भरून येणार नाही, आत आत जाईल. हे प्रमोदिनीने राघोत्तमला सांगितलं होतं. त्याने मान डोलावून ऐकून घेतलं होतं आणि ग्रुपवर विचारतो म्हणाला होता.

पहिल्यांदा जखम पाहिली तेव्हा प्रमोदिनी बेसिनपाशी जाऊन ओकली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली होती. सासूवर तिची फार माया होती अशातली गोष्ट नव्हती. सांगलीची ही मुलगी बँकेच्या बदलीने मद्रासला आली आणि तंजावरच्या मराठी घरात सून झाली, तेव्हा कृष्णवेणीबाईंनी तिच्या प्रत्येक वाक्यावर तोंड वाकडं केलं होतं. "तुमची मराठी म्हणजे भांडल्यासारखी," असं त्या चार बायकांत म्हणत. घरातली सगळी मुलं आईला अम्मा म्हणत, प्रमोदिनीने हट्टाने आई म्हटलं. दोघींचं सूत कधी जमलं नाही आणि कधी तुटलंही नाही. पण गेल्या वर्षी पाय गेले आणि सासू या खाटेवर आली, तेव्हापासून तिचं अंग पुसता पुसता प्रमोदिनीची किळस केव्हा गेली ते तिलाच कळलं नव्हतं. आता तो वास तिला येतसुद्धा नसे.

तिने नवी पट्टी लावली, उशा नीट केल्या, पंखा पाचावर होता तो उगाच पुन्हा पाचावर फिरवला आणि हात धुऊन कॉफी करायला गेली.

हॉलचं दार उघडताच गार हवेचा लोट तिच्या तोंडावर आला. मानेवरचा घाम एकदम थंड पडला आणि क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला. सोफ्यावर वेंकट पाय पसरून बसला होता. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तो मोठ्या हुद्द्यावर होता, आणि बोलताना कागदावर रेघा मारायची त्याला सवय होती. आताही त्याने टीपॉयवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला दिवसाचे तास आखले होते. वाणी कोइमतूरहून सकाळच्या गाडीने आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. वेंकटच तिला स्टेशनवर सोडणार होता. तिने पदर खांद्याभोवती लपेटून घेतला होता. तिला गारठा लागत होता.

"या वैनी, बसा," वेंकट म्हणाला. "तुम्हीच सांगा. दुपारी बारा ते तीन दिलं तर पुरे की नक्को?"

"काय बारा ते तीन?"

"अम्माचा एसी. आणि रात्री दहा ते दोन. दोन वाजतां टायमरने आपोआप बंद. पहाटे हवा थंडच असते."

"पहाटे थंड असते?" प्रमोदिनीने विचारलं. "या दिवसांत?"

"पंखा अहे की," वाणी म्हणाली. "खरं सांगू का वैनी, अम्माला एसी कधी आवडलाच नाही. तंजावरच्या घरांत पंखासुद्धा नव्हता आम्हांला. अंगणांत निजायची ती. तिच्या अंगाला सवय अहे."

"तेव्हा त्या कुशी बदलू शकत होत्या."

राघोत्तमने खिशातला रिमोट उगाच चाचपला. तो माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर त्याने कोणाचं पाच पैशाचं नुकसान केलं नव्हतं. कोणी दोन माणसं दोन बाजूंना ओढू लागली की त्याला घाम फुटे, आणि मग ज्या बाजूला माणसं जास्त असतील त्या बाजूला तो हळूच सरके. आता तो म्हणाला, "बारा ते चार ठेवू या का? नर्सपण काहीतरी म्हणत होती, पाठीचं."

"चार म्हणजे पुन्हा स्लॅबच्या वर्ति जातं," वेंकट म्हणाला आणि कागदावर पेन्सिल टेकवली. "साडेतीन करू. मधे ती झोपते ना?"

"झोपतात कधी कधी."

"मग झोपली की बंद करायचं," वाणी म्हणाली. "झोपेत तिला काय कळतें?"

प्रमोदिनीने कॉफीचे टंबलर टीपॉयवर ठेवले. वाणीने येताना म्हैसूरपाक आणला होता. आईसाठी म्हणून आणलेला, पण आईला साखर चालत नाही हे आल्यावर कळलं, म्हणून मग डबा मध्येच उघडून ठेवला होता. वेंकटने एक वडी उचलली आणि तोंडात टाकली. त्याचे ओठ तुपाने चकाकत होते. बोलता बोलता त्याने बोटं चाटली, एकेक, शेंड्यापासून मुळापर्यंत, आणि त्याच बोटांनी पुन्हा पेन्सिल धरून साडेतीनवर गोल केला.

प्रमोदिनीला किळस आली. जखम धुताना आता कधी येत नसे, तशी. ती त्या चकाकणाऱ्या ओठांकडे बघत राहिली, त्या गोलाकडे, वाणीने गारठ्यामुळे लपेटलेल्या पदराकडे, आणि नवऱ्याच्या खिशातून वर आलेल्या रिमोटच्या पांढऱ्या टोकाकडे. ही शिसारी आपल्याला या तिघांची आली आहे, हे कळल्यावर तिला उलट हलकं वाटलं.

"कॉफी घ्या, गार होईल," ती म्हणाली आणि आत गेली.

खोलीत शिरताच ऊन अंगावर आल्यासारखं वाटलं. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापत होती. कृष्णवेणीबाई तशाच कुशीवर होत्या. कपाळावरचे पांढरे केस चिकटले होते आणि खालचा ओठ जरासा लोंबत होता. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"माझंच बोलतेत का?" त्यांनी विचारलं.

प्रमोदिनीने पाणी पाजायची वाटी उचलली होती, ती परत ठेवली.

"आई, जरा हॉलमध्ये जाऊ या का?"

"मी?"

"सगळे तिथेच आहेत. गारही आहे."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते प्रमोदिनीला सांगता आलं नसतं. मग त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

खाट भाड्याची होती, दवाखान्यातल्यासारखी, चाकांची. कडेचे कठडे खाली केले की ती दारातून जेमतेम निघे. प्रमोदिनीने चाकांचे खटके वर केले, लघवीची पिशवी खाटेच्या दांड्याला नीट अडकवली, औषधांचा ट्रे सासूच्या पायाशी ठेवला आणि डोक्याच्या बाजूने जोर लावला. खाट दाराच्या चौकटीला एकदा घासली. दुसऱ्यांदा वळवल्यावर निघाली.

हॉलमध्ये बोलणं चालू होतं ते थांबलं.

"अगं, काय झालं?" राघोत्तम उठून उभा राहिला.

"काही नाही. टीपॉय जरा बाजूला घ्या."

"इथे कशाला आणलंस अम्माला?"

"एका वेळी एकच लावायचा ना," प्रमोदिनी म्हणाली. "मग सगळ्यांनी एकाच ठिकाणी असलेलं बरं."

तिचा आवाज चढला नव्हता. राघोत्तमने टीपॉय ओढला. म्हैसूरपाकाचा डबा कडेपर्यंत सरकला, तो वाणीने धरला. प्रमोदिनीने खाट एसीच्या समोर आणून लावली, पण झोत अंगावर येणार नाही अशी, आणि चाकांचे खटके खाली केले.

"अम्मा," वेंकट म्हणाला. "कशी अहेस?"

"बरी अहें."

तो जवळ आला, आईच्या हाताला त्याने हात लावला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. गार, बंद खोलीत वास लगेच पसरतो. जखमेचा, मलमाचा, डायपरचा, दिवसभर मुरलेल्या घामाचा तो एकत्र वास होता. प्रमोदिनीला तो आज पुन्हा आला, कारण तो त्यांच्या चेहऱ्यांवर दिसला. वाणीने लपेटलेला पदर नाकाशी नेला आणि मग शिंक आल्यासारखं केलं. तिने डब्याला झाकण लावलं.

"वैनी, खोलींत डेटॉल वगैरे टाकत नाही का?" तिने विचारलं, हळू, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने. खाट तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

"टाकते. रोज दोनदा पुसते."

"नाही, म्हणजे..."

"जखम ओली आहे, वाणी. पाठ कोरडी राहत नाही ना, म्हणून."

वेंकटचा फोन वाजला. तसा तो वाजला नव्हता, पण त्याने तो कानाला लावला आणि "येस, सांगा," म्हणत काचेचं दार सरकवून बाल्कनीत गेला. दार त्याने बाहेरून ओढून घेतलं. वाणी थोडा वेळ बसली. आईच्या चादरीचं टोक तिने सरळ केलं, आज गाडीत किती गर्दी होती ते सांगितलं, कोइमतूरची हवा सांगितली. बोलताना ती तोंडाने श्वास घेत होती. मग ती म्हणाली, "इथून मागचं तळं दिसतं ना? जरा बघून येतें," आणि तीही बाहेर गेली.

बाल्कनी पश्चिमेची होती. समुद्राकडचा वारा अजून सुटला नव्हता. जो होता तो दलदलीच्या पलीकडून, कचऱ्याच्या डेपोवरून येत होता, आणि या घरात त्या वासासाठी उन्हाळाभर बाल्कनीचं दार उघडलं जात नसे. त्या वासाला मात्र दोघांची काही हरकत दिसली नाही. वेंकट कठड्याला टेकून उभा होता. फोन कानावरून केव्हाच खाली आला होता.

दुसऱ्या खोलीत सासूच्या धुतलेल्या चादरी दोरीवर टांगलेल्या होत्या. रिकाम्या झालेल्या खोलीत भिंती तापलेल्या होत्या. जायला दुसरी जागा नव्हती.

राघोत्तम हॉलच्या मध्यावर उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग काचेकडे. प्रमोदिनी त्याच्याकडे बघत होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की आता हा काय करतो ते बघायचं आहे, सांगायचं काही नाही. चौतीस वर्षांत तिने त्याला बरंच काही सांगून पाहिलं होतं.

"ते दोघं एकटेच आहेत," तो म्हणाला. "जरा कंपनी देतो."

"द्या."

तो दोन पावलं गेला, परत आला. तिला वाटलं, बसेल. त्याने वर्तमानपत्र उचललं, वेंकटने तास आखलेलं, आणि कॉफीचे टंबलरही, तीन एकात एक घालून. मग आठवल्यासारखं करून खिशातला आईच्या खोलीचा रिमोट टीपॉयवर ठेवला आणि बाल्कनीत गेला. दार सरकलं, उन्हाची एक वाफ आत आली, दार लागलं.

प्रमोदिनीला राग आला नाही. राग यायला समोरच्या माणसाकडून काही हवं असावं लागतं. जेवणात केस निघावा आणि तो बाजूला काढूनही मग पुढचा घास उतरू नये, तसं तिला झालं होतं. याच माणसाबरोबर उद्या सकाळचा चहा घ्यायचा होता, त्याने मीटरचा फोटो काढून आणला की तो बघायचा होता.

ती खाटेजवळच्या खुर्चीवर बसली. एसीचा आवाज तेवढा राहिला. कृष्णवेणीबाईंचा श्वास आधी आखूड होता, तो हळूहळू लांबला. तोंड थोडं उघडं पडलं. त्या झोपल्या. दुपारची अशी झोप प्रमोदिनीने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. रोज त्या डोळे मिटून पडत, पण बोटं चादरीवर चाळवत राहत. आता बोटंही स्वस्थ होती.

बऱ्याच वेळाने तिने चादरीखालून हात घालून सासूच्या पाठीला लावला. पाठ कोरडी होती. थंड नव्हती, गरम नव्हती, नुसती कोरडी, पिठाच्या परातीसारखी. तिने हात तसाच ठेवला. तिला एकाएकी स्वतःचीही झोप आली, इतकी की मान खाली गेली आणि कपाळ खाटेच्या दांड्यावर टेकलं.

"प्रमोदिनी."

ती दचकून उठली. कृष्णवेणीबाई जाग्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"अस्के गेले का गे?"

"नाही. बाल्कनीत बसलेत सगळे."

"ह्या उन्हांत?"

प्रमोदिनी उठून काचेपाशी गेली. वेंकटच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजून काळी पडली होती. वाणी प्लास्टिकच्या खुर्चीवर पदराने मान पुसत होती आणि तिची टिकली कपाळावरून घसरून भुवईजवळ आली होती. राघोत्तम खाली जमिनीवर बसला होता आणि घडी केलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत होता, मध्येच बहिणीला घालत होता. प्रमोदिनी दिसताच त्याने हात थांबवला. भुवया वर करून, तळवा जरासा पुढे करून त्याने खुणेने विचारलं, येऊ का आत?

प्रमोदिनीने ते पाहिलं. मग ती वळली.

"त्यांना तिथे बरं वाटतंय म्हणे," ती म्हणाली. "वारा आहे."

कृष्णवेणीबाईंनी मान वळवून काचेकडे पाहिलं. खाटेवरून त्यांना सगळं दिसत होतं, मुलाची भिजलेली पाठ, मुलीचा पदर, थोरल्याचा पुढे आलेला हात. त्या बराच वेळ बघत राहिल्या. प्रमोदिनी उभीच होती. सासू आता काय म्हणेल ते तिला माहीत होतं, त्यांना आत बोलाव म्हणेल, आई आहे, आणि मग आपल्याला दार उघडावं लागेल.

"सरि," म्हातारी म्हणाली. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "मग दार नीट लाव गे. गार बाहेर जातें."

दार लागलेलंच होतं. प्रमोदिनी पुन्हा काचेपाशी गेली आणि तिने आतली कडी खाली ओढली. आवाज लहानसाच झाला. राघोत्तम वर्तमानपत्र मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिला.